अक्षर वर की खाली?

गोल्फ खेळणारा साठीतला पुरुष तुम्हाला आपला रक्तदाब सांगेल, उपाशीपोटीची साखर सांगेल, दुसरा पेग झाल्यावर पेन्शनचा आकडाही सांगेल. पण ‘तुमच्या ड्रायव्हरचा शाफ्ट कुठल्या फ्लेक्सचा?’ असं विचारून बघा. तो आधी आभाळाकडे बघेल, मग ग्लोव्हची पट्टी सोडून पुन्हा लावेल आणि म्हणेल, ‘एस.’

एस म्हणजे स्टिफ. शाफ्ट, म्हणजे ड्रायव्हर या लांब मारायच्या काठीचा दांडा, किती वाकतो यावरून त्याला अक्षर मिळतं. सगळ्यात मऊ तो एल, मग ए, मग आर, मग एस आणि सगळ्यात कडक तो एक्स. एल बायकांसाठी, आर रेग्युलर, एक्स ज्यांचे फोटो मासिकांत येतात त्यांच्यासाठी. ए ची कथा करुण आहे. एके काळी ते अक्षर अ‍ॅमॅच्युअरचं होतं म्हणतात. आता दुकानात त्याचा अर्थ ‘सिनिअर’ एवढाच उरलाय. काही कंपन्यांनी त्याऐवजी एम छापून पाहिलं, म्हणजे ‘मॅच्युअर’. काहींनी अक्षरंच काढून टाकून ५.५, ६.० असे आकडे दिले. गिऱ्हाइकाच्या मनाला लागू नये म्हणून कोणी एवढा विचार करतं, यावर पुण्यात राहून विश्वास बसणं कठीण जातं.

यात आणखी एक मेख आहे. या अक्षरांना कसलंही प्रमाण नाही. गोल्फचे नियम करणाऱ्या संस्था दोन, अमेरिकेची यूएसजीए आणि सेंट अँड्र्यूजची आर अँड ए. ड्रायव्हरचं डोकं ४६० घनसेंटिमीटरपेक्षा मोठं नको, लांबी ४८ इंचांपेक्षा जास्त नको, हे त्यांनी नीट बांधून दिलंय. मोठ्या स्पर्धांना हवी तर ४६ इंचांची मर्यादा घालायची मुभाही २०२२ पासून दिली आहे. पण आर कुठे संपतो आणि एस कुठे सुरू होतो, ते त्यांनी कंपन्यांवर सोडून दिलंय. त्यामुळे सगळं टपरीवरच्या कटिंगसारखं झालंय. एकीकडचं कटिंग दुसरीकडे फुल म्हणून खपतं. एका कंपनीचा आर दुसरीच्या एसपेक्षा कडक निघू शकतो. म्हणजे ज्या अक्षरापायी आम्ही खोटं बोलतो, त्याला स्वतःचा असा अर्थच नाही. तरी बोलतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळलेला उदयन माने आमच्या पुण्याचा. तेव्हा त्याच्या अंगातलं थोडंफार इथल्या पाण्यातही असणार, असा आम्हा सगळ्यांचा हिशेब.

मला फिटिंगला, म्हणजे शाफ्ट मापून घ्यायला, धाडलं ते येरवड्याच्या कोर्सवरच्या आमच्या कॅडीनं. माझा चेंडू उजवीकडे वळत वळत ज्या झाडात जातो, त्या झाडाकडे बघत तो एक दिवस शांतपणे म्हणाला, ‘साहेब, झाड काय तोडता येत नाय. दांडा तरी बदला.’

फिटिंगची खोली म्हणजे खिडकी नसलेला हॉल. एका टोकाला पडदा, भिंतीवर ओळीनं लावलेले शाफ्ट आणि जमिनीवर एक सपाट चौकोनी यंत्र, ट्रॅकमन. हे यंत्र डेन्मार्कचं, त्याच्या पोटात रडार. ज्या तंत्रानं शत्रूची विमानं शोधायची, ते इथे माझा चेंडू शोधणार होतं, आणि तोही समोरच्या पडद्यापर्यंतच जाणारा. मी रिवाजाप्रमाणे भिंतीवरचा एक शाफ्ट उचलला, हवेत दोनदा हलवला आणि ‘हं’ म्हणालो. शाफ्टच्या दुकानात शिरलेला प्रत्येक माणूस हे करतो. त्यातून शाफ्टबद्दल काहीही कळत नाही. आपल्याला कळतं असं दुकानदाराला कळवायचं असतं, एवढंच.

फिटर पंचविशीतला मुलगा. त्यानं माझ्या ड्रायव्हरच्या तोंडावर डब्यातून पांढरा फवारा मारला. काहीतरी जपानी संशोधन असेल म्हणून मी कौतुकानं डबा हातात घेतला, तर ती पायाला घाम येतो त्यावरची पावडर निघाली. चेंडू लागला की पावडर तेवढीच उडते आणि वाटोळा डाग उरतो. थोड्याच वेळात माझ्या ड्रायव्हरच्या तोंडावर डागच डाग झाले. एक टाचेकडे, एक टोकाकडे, एक पार वरच्या कडेला. मध्यभाग तेवढा स्वच्छ, पांढराशुभ्र राहिला.

तोवर तो मला ‘सर’ म्हणत होता. मग त्यानं पडदा बदलला आणि आकडे लावले. क्लबहेड स्पीड, ताशी ८४ मैल. पीजीए टूरवरच्या खेळाडूंची सरासरी ११५ च्या आसपास असते. मुलानं आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘काका, जरा पाणी घेता का?’

त्या क्षणापासून मी कायमचा काका झालो. पण एकदा काका झाल्यावर पोरानं हातचं काही राखलं नाही. शाफ्टचं ग्रिपकडचं टोक यंत्रात आवळून त्यानं दुसरं टोक बोटानं छेडलं. मिनिटाला किती वेळा थरथरतो, तो खरा कडकपणा. माझा अडीचशेच्या वर गेला. ‘अक्षर वाचू नका काका, हे वाचा,’ तो म्हणाला. मग त्यानं माझी आयुष्यभराची एक समजूतही काढून घेतली. मला वाटायचं, शाफ्ट धनुष्यासारखा मागे वाकतो आणि ऐन वेळी सुटून चेंडूला फेकतो. त्यानं हायस्पीड कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. चेंडूला लागायच्या आतच शाफ्ट उलटा, पुढच्या बाजूला वाकलेला असतो. आणि डोक्याचं वजन एका बाजूला असल्यामुळे खालीही झुकतो. शाफ्ट वेग फारसा वाढवत नाही. डोकं कुठल्या कोनात येऊन चेंडूला भिडणार, त्यात तो थोडा हात घालतो. त्यातही झटक्यानं फिरवणाऱ्याला कडक, संथ फिरवणाऱ्याला मऊ. वेग दोघांचा तोच असला तरी.

‘आणि माझी ही उजवीकडे वळणारी स्लाइस?’ मी विचारलं.

‘ती शाफ्टनं नाही जात, काका. तोंड उघडं राहतं.’

क्लबाचं तोंड, असं त्यानं नंतर स्पष्ट केलं.

काठीवरून माणसाची पत ठरण्याचा प्रकार जुनाच आहे. शंभर वर्षांपूर्वी सगळे हिकरीच्या लाकडी काठ्यांनी खेळत. अमेरिकेनं १९२४ मध्ये पोलादी शाफ्टला परवानगी दिली. सेंट अँड्र्यूजची म्हातारी मंडळी १९२९ पर्यंत नाक मुरडत बसली. मग प्रिन्स ऑफ वेल्स त्यांच्याच कोर्सवर पोलादी काठ्या घेऊन उतरले आणि आर अँड ए चा नियम बदलला, असं सांगतात. भावी राजाला बाद करण्यापेक्षा नियम बाद करणं सोयीचं. १९३१ मध्ये बिली बर्कनं पोलादी शाफ्टनं यूएस ओपन जिंकली आणि हिकरीची सद्दी संपली. ग्रॅफाइट आलं ते सत्तरच्या दशकात. आज ड्रायव्हरला पोलादी शाफ्ट लावणारा माणूस शोधूनच काढावा लागेल.

तिकडे मुलगा एकेक शाफ्ट काढत होता, लावत होता. पान्यानं स्क्रू आवळताना ‘कट्’ असा आवाज आला की पुरे. पंचाहत्तर ग्रॅमवरून साठ, साठवरून पन्नास. लांबी पाऊण इंच कमी. लांब काठीनं चेंडू लांब जातो, पण आधी मधोमध लागला तर. शाफ्ट हलके होत गेले तसे पावडरवरचे डाग एकमेकांच्या जवळ सरकू लागले. उंची वाढली, स्पिन उतरली, आणि चेंडू हवेतल्या हवेत पंधराएक यार्ड पुढे पडायला लागला. मी आणखी एकदा मारून पाहिला. पुन्हा तेच. यंत्र बिघडलं असेल अशी शंका काढायलाही जागा राहिली नाही.

‘हाच,’ मुलगा म्हणाला.

मी शाफ्ट फिरवून पाहिला. काळ्या रंगावर चंदेरी अक्षर होतं, ए.

इथे मी जे केलं ते आमच्या वयाच्या कुठल्याही समंजस माणसानं केलं असतं. हाच शाफ्ट दुसऱ्या अक्षरात मिळेल का, असं विचारलं. मुलाला हा प्रश्न नवा नसावा. तो म्हणाला, ‘काका, आपण उलटा बसवू. छापील बाजू खाली. खेळाला काही फरक पडत नाही.’ मी त्याच्या पाठीवर थाप मारली. आजकालच्या पिढीला माणसाचं मन कळत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा फिटिंग करून घ्यावं.

पैसे देताना तो सहज म्हणाला, ‘फक्त एक आहे. स्लाइस फारच त्रास द्यायला लागली तर ही डोकं आणि शाफ्ट यांच्यामधली कॉलर अर्धा वळसा फिरवून अपराइटवर आणा. डोकं जरा उभं बसेल, चेंडू डावीकडे राहायला मदत होईल.’

‘मग अडचण काय?’

‘कॉलर शाफ्टला चिकटवलेली असते ना. शाफ्टही अर्धा वळसा फिरतो. अक्षर वर येतं.’

तेव्हापासून आठवडाभर मी झाड पत्करलं. शेवटी कॅडीनंच पिशवीतून पाना काढून माझ्या हातात दिला, आणि मी कॉलर फिरवली. पहिल्या टीवर उभा राहिलो तर ते चंदेरी अक्षर थेट डोळ्यांसमोर. चेंडू झाडाच्या डावीकडून गेला आणि फेअरवेच्या मधोमध थांबला. आमच्यातले निवृत्त कर्नल लगबगीनं माझ्याकडे आले. फटक्याबद्दल काही बोलतील असं वाटलं. पण त्यांनी माझा ड्रायव्हर हातात घेतला, अक्षर वाचलं आणि चष्मा सारखा करून पुन्हा वाचलं.

‘फिटर कोण तुमचा?’ त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

मी नंबर दिला. त्यांनी तो मोबाइलमध्ये घेईपर्यंत मी सहज त्यांच्या ड्रायव्हरकडे पाहिलं. ग्रिपच्या खाली, अक्षर असतं नेमक्या त्या जागी, काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

‘ती ना?’ कर्नलसाहेब म्हणाले. ‘बॅलन्ससाठी.’