तोंड तिकडे कर

नाना पासवर्ड टाकायला बसले की आधी खोली रिकामी करतात. ते शक्य नसेल तर हजर असलेल्यांना हुकूम सुटतो, "तोंड तिकडे कर." मग डाव्या हाताचा तळवा कीबोर्डवर छत्रीसारखा धरायचा आणि उजव्या हाताच्या एका बोटाने टकटक. पासवर्ड चुकीचा असल्याचं स्क्रीनवर उमटतं. नाना चष्मा पुसतात आणि पुन्हा म्हणतात, "तोंड तिकडे कर." चुकलेला पासवर्डसुद्धा कुणाला दिसता कामा नये!

असे नाना प्रत्येक सोसायटीत असतात. कंपनीच्या हिशेब खात्यातून निवृत्त. घरातल्या प्रत्येक कपाटाला कुलूप, सगळ्या किल्ल्या एका डब्यात, आणि डब्यावर चिकटपट्टी लावून सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: 'किल्ल्या'. एटीएममध्ये शिरले की ते सुरक्षारक्षकालाच पाठ फिरवायला लावतात. त्या बिचाऱ्याला पगार मिळतो तो बघण्याचा. परवा मंडईत यूपीआयचा पिन टाकताना त्यांनी भाजीवालीला तोंड तिकडे करायला लावलं, तेवढ्यात गाईने कोथिंबिरीची जुडी ओढली. भाजीवालीने ती जुडीही नानांच्याच हिशेबात धरली.

पण नानांचं खरं दुखणं म्हणजे आउटलुकची पीएसटी फाइल.

ज्यांनी 2000 नंतरची दहा वर्षं कुठल्याही ऑफिसात काढली, त्यांना हे दुखणं समजावून सांगावं लागणार नाही. सर्व्हरवर मेल ठेवायला जागा चिमूटभर. दर आठवड्याला 'मेलबॉक्स भरली' अशी तंबी. मग माणसं जुन्या मेल उचलून आपल्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर, पीएसटी नावाच्या फाइलीत नेऊन टाकत. आउटलुक 2002 पर्यंत या फाइलीला 2 जीबीची हद्द होती. ती ओलांडली की फाइल आजारी पडे आणि स्कॅनपीएसटी नावाचा वैद्य ऑफिसच्या फोल्डरांत शोधत हिंडावं लागे. 2003 च्या आवृत्तीने हद्द 20 जीबी केली, 2010 च्या आवृत्तीने 50. तोवर नानांसारख्यांना सवय लागून गेली होती. दर आर्थिक वर्षाची वेगळी फाइल, आणि प्रत्येक फाइलीला पासवर्ड.

पासवर्ड ठेवताना आउटलुक एक चौकोन दाखवतं: हा पासवर्ड तुमच्या यादीत जपून ठेवू का? नानांनी त्यात टिकमार्क केली. सगळं मुसळ केरात गेलं ते इथे. ही यादी त्या कॉम्प्युटरवरच्या त्यांच्या खात्याजवळ राहते, फाइलीबरोबर प्रवास करत नाही. जुना कॉम्प्युटर चालू होता तोवर वर्षानुवर्षं कुणी पासवर्ड विचारला नाही. मुलाने नवा कॉम्प्युटर आणून दिला, फाइली त्यावर उतरवल्या, आणि '0506' नावाच्या फाइलीने दारातच अडवलं. बाकीच्या फाइलींचे पासवर्ड नानांच्या डायरीत होते. हाच तेवढा नव्हता.

"सोपाच ठेवला होता," नाना म्हणाले. विसरलेला पासवर्ड नेहमी सोपाच असतो.

चौथ्या मजल्यावरच्या ओंकारला बोलावणं गेलं. तो हिंजवडीत नोकरीला आहे, त्यामुळे सोसायटीतले सगळे प्रिंटर त्याच्या गळ्यात आहेत. कशाला हवी ही फाइल, असं त्याने विचारलं. "पीएफचे कागद आहेत," नाना म्हणाले. पीएफ हातात पडून तपं लोटली होती, हे ओंकारला कुठून ठाऊक असणार? पहिला तासभर त्याने भिंतीवरच्या कालनिर्णयकडे तोंड करून काढला. एकादश्या पाठ झाल्यावर मात्र तो म्हणाला, "नाना, हे काम मिनिटाचं आहे. तुम्ही जरा उठता का?"

त्याने निरसॉफ्टचं 'पीएसटीपासवर्ड' हे फुकट मिळणारं अवजार चालवलं. चहाचा कप खाली ठेवायच्या आत पडद्यावर तीन पासवर्ड उमटले. तिन्ही अगम्य, मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखे. ओंकारने पहिला टाकला. फाइल उघडली. बंद करून दुसरा टाकला. उघडली. तिसऱ्यानेही उघडली.

नानांचा चेहरा पडला. "यातला माझा कुठला?"

"एकही नसेल."

"मग माझं कुलूप उघडलं कसं?"

ओंकारने समजावलं ते असं. आउटलुक तुमचा पासवर्ड ठेवतच नाही. त्या अक्षरांचा एक प्रकारचा भागाकार करतं आणि फक्त बाकी लिहून ठेवतं. सतराला पाचाने भागा, बाकी दोन. बावीसला भागा, बाकी दोनच. कुलूप बाकी बघतं, आकडा बघत नाही. या भागाकाराचं नाव सीआरसी. वेस्ली पीटरसन यांनी 1961 मध्ये मांडलेली ही युक्ती आहे पाठवलेल्या मजकुरात वाटेत काही बिघडलं का हे ताडण्यासाठी. तिला दारवान कुणी केलं नव्हतं, ते आउटलुकने केलं. 32 बिटांच्या या प्रकारात बाक्या होतात 4,29,49,67,296. ऐकायला मोठा आकडा, पण पंधरा अक्षरांत रचता येणारे पासवर्ड त्याच्या कितीतरी पट. म्हणजे एकेका बाकीला लागू पडणाऱ्या किल्ल्या ढीगभर. शिवाय फाइलीतला मजकूर त्या पासवर्डाने बांधलेलाच नसतो. फाइल वाचणारे काही प्रोग्राम तर पासवर्ड विचारतही नाहीत. हे संरक्षण वरवरचं आहे, असं मायक्रोसॉफ्टने 2010 मध्ये या फाइलीची रचना जाहीर करताना स्वतःच लिहून टाकलंय.

एखादा खजील झाला असता. नाना हिशेब खात्यातले. "म्हणजे ट्रायल बॅलन्स जुळला, एवढंच," ते म्हणाले. "वह्या बरोबर आहेत असं त्यातून सिद्ध होत नाही. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेरीज जुळते. मी अशा ट्रायल बॅलन्सवर सही करत नसे."

ओंकारने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. मशीनला जो फरक कळत नव्हता, तो या माणसाला कळत होता.

फाइल उघडीच होती. पीएफचा एकही कागद तिच्यात निघाला नाही. होत्या त्या 31 मार्च 2006 च्या मेल, शुक्रवार संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंतच्या. वर्षाखेरीचा हिशेब मिटवायला थांबलेली सात माणसं एकाच खोलीत बसून एकमेकांना मेल करत होती. व्हाउचर सापडत नाही. सापडलं. बँकेचा मेळ अठरा रुपयांनी चुकतोय. मग इंग्रजी लिपीतल्या मराठीत एक ओळ: पावभाजी सात, त्यातली एक बिनकांद्याची. वर्षभराने ते ऑफिस दुसऱ्या शहरात गेलं. दोघं तिकडे गेले, बाकीच्यांनी व्हीआरएस घेतली.

नानांनी ती ओळ दोनदा वाचली. "बिनकांद्याची कुणाची रे?" ते म्हणाले. प्रश्न ओंकारला नव्हता. ओंकार तेव्हा दुसरीत होता.

मग हळूच कळलं. पासवर्ड त्या सातांपैकीच एकाचं नाव होतं. कुणाचं, तेच आठवत नव्हतं. बाकीच्यांना कळू नये म्हणून मुद्दाम अनपेक्षित नाव निवडलेलं, आणि ते इतकं अनपेक्षित की आता खुद्द नानांनाही सुचेना.

"पासवर्ड काढून टाकू का कायमचा?" ओंकारने विचारलं.

"हात लावू नकोस."

तीनांतला एक पासवर्ड ओंकारने चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली सरकवला आणि तो घरी गेला. महिनाभराने त्याने सहज फोन केला. पलीकडून टकटक ऐकू येत होती.

"नाना, फाइल उघडत नाहीये का?"

"उघडते की. तुझी चिठ्ठी आहे ना. वाचतो रोज थोडं थोडं." पुन्हा टकटक. "पासवर्ड सापडला नाही अजून. सोपाच आहे. थांब, एक नाव सुचलंय. तोंड तिकडे कर."

"नाना, मी फोनवर आहे."

"तरी कर."

चौथ्या मजल्यावर ओंकारने मुकाट्याने खिडकीकडे तोंड केलं.