पाय ठेवा ना जी

भाऊसाहेबांना माणसं गुडघ्याखाली ओळखू येतात. कोण कुणाचा जावई, कोण कोणत्या खात्यातून निवृत्त झाला, हे ते विसरतात. पण कुणाची पोटरी आखूड आणि कुणाची टाच घसरणारी, ते पक्कं ध्यानात असतं. रुक्मिणीनगरात एखाद्याच्या मुंजीला गेले की नजर आधी दाराबाहेरच्या चपलांवर. "आठ नंबर, टाच आतून झिजलेली. जोशी आलेले दिसून राहिले," असं म्हणतच आत शिरतात. जोशी खरोखरच आलेले असतात.

या साऱ्याचं मूळ त्यांच्या आकाशी हेराल्डमध्ये आहे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून ही गाडी आपल्याकडे बनवली. भाऊसाहेबांची जुनी, दोन दारांची. तिला नुसती 'जुनी गाडी' म्हणाल तर चहा मिळणार नाही. ही स्पोर्ट्स कार आहे, आणि पुरावा तयार असतो : विलायतेत १९६२ साली ट्रायम्फची स्पिटफायर आली ती हेराल्डच्याच सांगाड्यावरून बेतलेली, आणि दोघींचं रूप मिकेलॉत्ती या एकाच इटालियन माणसाने रेखलेलं. म्हणजे सख्ख्या बहिणी. एक धावपटू निघाली तर दुसरीला गृहिणी कसं म्हणता? बडनेरा रोडवर परवा सहा सवाऱ्यांचा ऑटो या धावपटूच्या पुढं निघून गेला. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "त्याले घाई होती."

गाडी करणाऱ्याने विचार पुष्कळांचा केला आहे. बॉनेट मडगार्डांसकट पुढं उघडतं, तेव्हा मेकॅनिकने टायरवर बूड टेकून आरामात काम करावं. गाडी पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळते, तेव्हा चालवणाराही खूश. (या वळण्याचा त्रास अमरावतीकरांना आहे. लांबून आकाशी रंग दिसला म्हणून तुम्ही बोळात शिरलात, तर भाऊसाहेब तिथल्या तिथं गाडी वळवून बोळाच्या दुसऱ्या तोंडाशी हजर.) विचार राहून गेला तो शेजारी बसणाऱ्याचा. चालवणाऱ्याच्या हाताला स्टिअरिंग, पायाला पेडल. ब्रेक लागला तर धरायला काहीतरी आहे. शेजारच्याला काय? बैठक खुजी, म्हणून गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार माकडहाडावर. डावीकडून पुढच्या चाकाचा फुगवटा पावलांच्या जागेत घुसलेला, उजवीकडे गिअरबॉक्सचा उबारा. ब्रेक लागला की टाच घसरते आणि तिच्यामागे अख्खा माणूस. टाच जमिनीला टेकलेली, पावलाचा चवडा तिरक्या फळीवर आणि घोटा काटकोनापेक्षा किंचित उघडा, एवढं साधलं तर मांडी टेकते, कंबर सुटते. इथवर भाऊसाहेबांचं बोलणं शंभर नंबरी सोनं आहे. त्यांनी इथंच थांबायला हवं होतं.

पण आपल्यात एक जात अशी आहे, जिला दुसऱ्याचं सुख त्या दुसऱ्याच्या हवाली करवत नाही. पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून बुंदी सोडणारे ते हेच. भाऊसाहेब पडले बांधकाम खात्यातले, त्यामुळे आग्रहाला मोजमापाची जोड.

पहिला प्रयोग घरातल्या पाटावर झाला. पुढच्याच चौकात तो पाट घसरून मेहुण्याच्या नडगीवर बसला. मेहुणे तेव्हापासून अकोल्याहून बसने येतात आणि स्टँडवरून ऑटो करतात. मग परतवाड्याहून सागाची फळी आली. परतवाड्याचा साग म्हणजे मेळघाटचं लाकूड. लोक त्याचे पलंग करवतात, यांनी पायाखाली घातलं. वर काथ्याची चटई, मागे उताराला तीन खाचा, बाजूला विंगनट. नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक तेव्हापासून गाडीच्या खणात मुक्कामाला आहे.

मी स्वतः पाहिलेलं सांगतो. भर राजकमल चौकात गाडी उभी. मागे सिटी बस, तिच्या मागे संत्र्यांचा टेम्पो, दोघांचे हॉर्न सुरू. भाऊसाहेब उघड्या दारापाशी रस्त्यावर उकिडवे बसलेले. एका हातात सुताराचा गुण्या, दुसऱ्या हातात शेजारी बसलेल्या निवृत्त हेडमास्तरांचा घोटा. "हलू नका सर, दोन अंश जास्त होऊन राहिले." हेडमास्तरांनी आयुष्यभर पोरांना अंगठे धरायला लावले, पण त्यांचा घोटा भर चौकात कुणी धरला नव्हता. धोतर सावरत ते म्हणाले, "बरं वाटते, बरं वाटते." मोटार रॅलीत शेजारच्या गड्याने कमी वेळात एवढी शरणागती पत्करली नसेल.

रॅलीचं नाव निघालं तर तेही सांगून टाकतो. रॅलीच्या गाडीत शेजारच्या गड्याला पाय रोवायला पत्रा असतो आणि कधीकधी त्यावर हॉर्नचं बटण, हे भाऊसाहेबांनी कुठंतरी वाचलं. आठवड्यात सागाच्या फळीवर डावीकडे बटण बसलं. चिखलदऱ्याच्या घाटात त्याचा उपयोग झाला असता, हे मान्य. पण गाडी घाटात वर्षातून एकदा जाते आणि अंबादेवीला दर मंगळवारी. साठीपलीकडच्या माणसाला पायात गोळा आला की तो पाय ताणतो, आणि ताणला की बटणावर. इर्विन चौकात, दवाखान्यासमोर, हेराल्ड एकदा सलग एवढी बोंबलली की ॲम्ब्युलन्सने बाजू दिली.

या सगळ्यात एक माणूस हेराल्डच्या त्या डाव्या जागी कधी बसलेला नाही : खुद्द भाऊसाहेब. गाडीची किल्ली ते दुसऱ्याला देत नाहीत, मग बसणार कधी? कुणी विचारलंच, "तुम्ही बसून पाह्यलं का?" तर उत्तर ठरलेलं : "मंग चालवन कोण?" मागच्या पावसाळ्यात गाडी वलगावजवळ बंद पडली, ट्रॅक्टरने ओढत आणली. तेव्हाही हे स्टिअरिंगवरच. वहिनी म्हणाल्या, "अवो, उभ्या गाडीत तरी बसून पाहा एकदा." त्यावर म्हणाले, "उभ्या गाडीत आराम समजत नाही."

वहिनी स्वतः मागं बसतात. पुढची सीट वाकवून आत शिरायचं, चपला काढायच्या, अख्ख्या सीटवर पाय पसरायचे आणि बडनेरा यायच्या आत डोळा लावायचा. "यायले सांगून सांगून थकली मी. मले मागंच बरं." गाडीतला सगळ्यात आरामशीर माणूस त्याच, आणि त्यांच्या पायाची नोंद भाऊसाहेबांकडे नाही.

तेव्हा अमरावतीला आलात आणि बसायचा प्रसंग आलाच, तर बसा. माणूस लाखाचा आहे, रस्त्यात गिला वडा खाऊ घालेल. चपला काढा, डावा पाय आवरून धरा, आणि विचारलं की लगेच "बरं वाटते" म्हणा. "थोडं बरं वाटते" असं चुकूनही म्हणू नका. सुतार परतवाड्याला आहे, पन्नासेक किलोमीटर.