पावेल तो आपला

वाईजवळच्या मेणवलीला हल्ली जे लोक जातात, ते बहुतेक ‘स्वदेस’मधलं घर बघायला जातात. तो नाना फडणवीसांचा वाडा आहे, ही माहिती त्यांना तिथे गेल्यावर फुकट मिळते. वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, घाटावर मेणेश्वराचं देऊळ आहे आणि जवळच एका छोट्या दगडी घुमटीत भलीमोठी घंटा टांगलेली आहे. सेल्फी काढून झाल्यावर एखादा जरा वाकून बघतो आणि चमकतो. घंटेवर नंदी नाही, त्रिशूळ नाही. तान्हं मूल घेतलेली एक बाई आहे, आणि सन आहे १७०७. “यशोदा असेल,” सोबतची आत्या निकाल देते आणि नमस्कार करून पुढे सरकते.

ती मेरी आहे, आणि मूल म्हणजे बाळ येशू. पण आत्याचं फारसं काही चुकलं असं मला वाटत नाही. मूल घेतलेली आई दिसली, हात जोडले. पुढची चौकशी इतिहास संशोधक मंडळाने करावी.

चौकशी केली तर ती वसईला जाऊन पोचते. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेला तो किल्ला १७३९च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी घेतला आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या. एक मेणवलीला, एक भीमाशंकरला, एक नाशकात नारोशंकराच्या देवळाला. युरोपात अशा लुटीतल्या घंटा वितळवून तोफा ओतायची रीत होती. आपल्याकडे घंटा घंटाच राहिली. जास्त नवल याचं, की छिन्नी घेऊन मेरीला खरवडून काढावं, असंही कुणाला सुचलं नाही. हे औदार्य म्हणायचं, की “कशाला उगाच चांगल्या वस्तूची नासाडी” हा आपला पिढीजात काटकसरीपणा, हे सांगणं कठीण आहे. मला दुसऱ्याची शक्यता जास्त वाटते, आणि त्यात कमीपणाही वाटत नाही. तत्त्वज्ञानाने जे जमत नाही, ते काटकसरीने कित्येकदा जमून जातं.

नाशिकची घंटा तर पुढे सरकारी कामालाच लागली म्हणायची. नारोशंकराचं देऊळ १७४७चं, घंटेवरचं साल १७२१. गोदावरीला पूर आला की नाशिककर पाटबंधारे खात्याचे आकडे ऐकतात जरूर, पण त्यांचा भरवसा असतो तो दुतोंड्या मारुतीवर. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की लोक पूर बघायला घाटावर जातात, कमरेला लागलं की दुकानदार माल वरच्या फळीवर टाकतात, आणि गळ्याशी आलं की घाटावर जाण्यात अर्थ उरत नाही. त्याच्याही वरची खूण म्हणजे नारोशंकराची घंटा. तिला पाणी लागलं, म्हणजे तो महापूर. त्याच्या गोष्टी पुढे नातवंडांना सांगायच्या. गोदामाईचा पूर मोजायला एका टोकाला मारुतीराय आणि दुसऱ्या टोकाला पोर्तुगीज चर्चची घंटा. सर्वधर्मसमभाव या विषयावरच्या एकाही परिसंवादात हे उदाहरण मी ऐकलेलं नाही.

वसईच्या मोहिमेआधी चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला होता, असं सांगतात. किल्ला मिळाला आणि देवीला किल्ल्यासारखं देऊळ मिळालं. मला विचाराल तर महाराष्ट्राचा खरा समान धर्म नवस हाच आहे. देव कुठल्या पंथाचा, पूजा कुठल्या भाषेत, पुजाऱ्याच्या अंगात सोवळं की झगा, या बाबी दुय्यम. “पावतो का?” हा पहिला प्रश्न, आणि बहुतेकदा शेवटचाही.

वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत हे उघड दिसतं. आठ सप्टेंबर हा मेरीचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते ती आठवडाभर. टेकडीच्या चढावर दोन्ही बाजूंना मेणाच्या वस्तूंची दुकानं लागतात. मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाचं काळीज, मेणाचं बाळ. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं, ते त्याने वाहायचं. कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेल्या एका बाईंनी गुडघ्यासाठी पाय मागितला, तर विकणारीने डॉक्टरच्या तटस्थपणे विचारलं, “डावा की उजवा?” शेजारी एक जोडपं मेणाची घरं निरखत होतं. नवऱ्याने लहानसं उचललं. विकणारी म्हणाली, “दादा, मागायचंच आहे तर जरा मोठं घ्या ना. आईला काय कमी आहे?” वांद्र्यात उभं राहून मोठं घर मागायला आईच लागते, हे पटून त्याने मोठं घेतलं. अलीकडे या दुकानांत मेणाची विमानंही दिसतात. ती व्हिसासाठी.

कोळी लोक तिला मोतमाउली म्हणतात. तिची मूर्ती समुद्रात आहे असं एका कोळ्याच्या स्वप्नात आलं आणि ती जाळ्यात सापडली, अशी कथा आहे. अष्टविनायकांतल्या महडच्या वरदविनायकाचीही कथा अशीच आहे: भक्ताला स्वप्न पडलं आणि तळ्यात मूर्ती सापडली. एकाच मुलखातल्या पाण्यात वावरणाऱ्या देवांनी आपला ठावठिकाणा कळवायला एकच पद्धत वापरावी, हे रीतीला धरूनच झालं.

माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये १९४८पासून दर बुधवारी नोव्हेना चालते. लागोपाठ नऊ बुधवार जायचं. सोळा सोमवारांत तयार झालेल्या आपल्या बायकांना ही घसघशीत सवलतच वाटली असणार. बुधवारी माहीमच्या बसला गर्दी असते आणि त्या गर्दीत चर्चला जाणारा कोण आणि ख्रिस्ती कोण, हे कंडक्टरलाही सांगता यायचं नाही.

इथवर सगळं गोड आहे. इथेच थांबलो तर लेख दिवाळी अंकात छान दिसेल आणि थोडासा खोटा होईल. कारण घंटा काही भेट म्हणून आल्या नव्हत्या, लढाईतून आल्या होत्या. आणि त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी गोव्यात उलट दिशेने जे झालं, ते याहून कितीतरी क्रूर होतं. १५६० साली तिथे इन्क्विझिशन आलं. साष्टीतली देवळं पाडली गेली. मंगेशाला आणि शांतादुर्गेला भक्तांनी नदीपलीकडे नेलं, ती दैवतं आजही तिकडेच आहेत. घंटांनी घाट चढला, त्याच्या आधी देवांनी नदी ओलांडली होती.

त्याच गोव्यात १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट आला. जुन्या पोथ्या हिरावल्या गेलेल्या नवख्रिस्ती लोकांना ऐकायला काहीतरी हवं होतं. पुराण ऐकण्याची सवय बाप्तिस्म्याने सुटत नाही. म्हणून स्टीफन्सने येशूची कथा मराठीत, ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली. त्यातला स्वर्गसुद्धा वैकुंठच. हे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये रायतूरला छापलं गेलं, आणि देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत छापलं गेलं. आज भाचे मंडळी मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहितात तेव्हा भाषेचं वाटोळं झालं म्हणून आपण उसासे टाकतो. या कामात ती चारशे वर्षं मागे आहेत, आणि अकरा हजार ओव्या लिहिण्याचा त्यांचा इरादा दिसत नाही.

देव आणि पुराणं अशी सहज इकडून तिकडे जातात. माणसांचं तसं होत नाही. फुलामुलांचे कवी म्हणून ज्यांना आपण शाळेत भेटलो, त्या नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि घरावर आकाश कोसळलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. परतल्या त्यासुद्धा आपलं सोवळं सांभाळून. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, पाणी वेगळं, चूल वेगळी, संसार मात्र एक. पुढे त्या स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या आणि ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं असं काही लिहून गेल्या की वाचताना हसू आवरत नाही आणि डोळेही कोरडे राहत नाहीत. एका छपराखाली दोन धर्म नांदवण्यावर मराठीत यापेक्षा प्रामाणिक पुस्तक मला माहीत नाही. कोण जिंकलं, याचा हिशेब त्यात कुठेच नाही; पाण्याचा हंडा कुणी कुठे ठेवला, याचा आहे.

माझे एक वसईचे मित्र आहेत. केळीच्या बागा असलेलं घर, घरात सामवेदी बोली, आजीच्या अंगावर लाल लुगडं. सभासमारंभात त्यांचं आडनाव कळलं की कुणीतरी हमखास कौतुकाने म्हणतं, “अहो, तुम्ही मराठी किती छान बोलता!” पूर्वी ते खुलासा करायचे. आता नम्रपणे म्हणतात, “१६१६पासून सराव चाललाय.” फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही काही नाकं मुरडली गेली. ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षं चालवणारा, अख्खं बायबल सुबोध मराठीत आणणारा, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरणारा हा माणूस. पण संमेलनाच्या मांडवात आधी झगाच दिसला. विरोध करणाऱ्यांपैकी कितीजणांच्या घरच्यांनी माहीमचे नऊ बुधवार केले असतील, हे मोजायला हवं होतं.

हे मी उगाच म्हणत नाही. त्या वसईच्या मित्रांना मुलीच्या कॉलेजसाठी मुंबईत भाड्याचा फ्लॅट हवा होता. दलालाने पगार विचारला, माणसं किती विचारलं, सगळं जमलं. आडनाव सांगितलं आणि एकदम सोसायटीच्या नियमांची आठवण झाली. “तसं आमचं काही नाही हो, पण कमिटीत मांसाहाराचा जरा प्रश्न असतो.” मित्र चेअरमनना भेटायला गेले. चेअरमन घरी नव्हते. बुधवार होता. वहिनी म्हणाल्या, “ते माहीमला गेलेत. सातवा चाललाय.”

आपलं गणित असं आहे. दुसऱ्याचा देव आपल्याला ताबडतोब चालतो. दुसऱ्याचा माणूस चालायला पिढ्या जातात. देवाचं एक बरं असतं. तो आपल्या जिन्यात चपला काढत नाही, त्याच्या स्वयंपाकाचा वास येत नाही, तो सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा मुद्दा काढत नाही. त्याच्याशी संबंध देवाणघेवाणीपुरता. माणूस मात्र चोवीस तास शेजारी असतो, आणि सहिष्णुतेची परीक्षा तिथे असते, टेकडीवर नसते.

म्हणून एक साधी सूचना आहे. नवसाची कसोटी आपण देवांना इतकी चोख लावतो, तीच माणसांना लावावी. पावतो का, एवढंच बघावं. रात्री दोन वाजता आपल्या वडलांना दवाखान्यात न्यायला जो गाडी काढतो, आपण गावाला गेल्यावर कुंड्यांना पाणी घालतो, आपल्या नावाचं कुरिअर सही करून घेऊन ठेवतो, तो वाडवडलांच्या हिशेबाने जागृतच म्हणायचा. त्याला मेणाचा पाय वाहायला नको, नऊ बुधवारही नकोत. फ्लॅट भाड्याने दिला तरी त्याचं भागतं, आणि डिपॉझिट तोच देतो.