श्री. बॉर्डरलाइन शुगर यांस खुले पत्र

श्री. बॉर्डरलाइन शुगर यांस,
सा. न. वि. वि.

उपाशीपोटी ११२! हार्दिक अभिनंदन. मधुमेहाची रेघ १२६ला. त्याच्या अलीकडचा १०० ते १२५ हा सगळा पट्टा आपल्या मालकीचा. आपण रिपोर्टात उगवलात की आमच्या घरी कोणी घाबरत नाही. "डायबेटिस नाही ना? मग झालं तर!" असे म्हणून उलट पेढ्यांचा बॉक्स उघडतो.

आपली सभ्यता तर काय वर्णावी! दुखणे नाही, खुपणे नाही, घशाला कोरड नाही, रात्री चारदा उठवणे नाही. आत स्वादुपिंड जादा इन्सुलिन ओतून ओतून आपला आकडा शोभिवंत ठेवते आणि त्यापायी थकत जाते, एवढेच. हृदयविकार आणि पक्षाघात १२६ची वाट बघत बसत नाहीत. त्यांचा धोका आपल्याच कारकिर्दीत वाढू लागतो. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात तर मधुमेह न झालेल्या, फक्त आपल्या तावडीत असलेल्या सुमारे ८ टक्के लोकांच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा सापडल्या. आणि नाव मात्र कायम थोरल्या बंधूंचे बदनाम.

"मी कुठे जाड आहे?" म्हणणाऱ्यांवर आपला विशेष लोभ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आमच्या सडपातळ शर्टाआड आपली सोय आधीच झालेली असते.

शिवाय आम्ही मदतीला आहोतच. चहा बिनसाखरेचा, पण सोबत चार खारी. साखर सोडली, गूळ धरला; तो जणू रक्तात जाऊन लाजून बसतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, तीही वाटीने नव्हे, ताटाने. कधी तर आपण उपाशीपोटी ९८ दाखवता आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १६५वर सापडता. वा, काय लपंडाव!

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात मधुमेही १०.१ कोटी, आपले आश्रित १३.६ कोटी. थोरल्यांपेक्षा धाकट्याचा पसारा मोठा.

एकच गोष्ट आपण लपवून ठेवलीत: आपल्याला हुसकता येते. त्या अमेरिकन अभ्यासात वजन सात टक्के उतरवायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करायचा, असे ठरवून दिले, तर सुमारे तीन वर्षांत मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१च. भारतातल्या अभ्यासात आहार-व्यायामाचा फायदा २८.५ टक्के निघाला. कमी आहे, पण आपली झोप उडवायला पुरे. थोरले एकदा वस्तीला आले, की त्यांना घालवणे फार जड जाते.

आपला,
(तूर्तास) घरमालक

ता. क. वाचकांसाठी: रिपोर्टात हे गृहस्थ दिसले तर डॉक्टरांना दाखवा. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ५.७ ते ६.४ आला, तरी हेच ते. सोबत रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासा, आणि साखर दर वर्षी पुन्हा.