अॅडमिनराव

काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्या दहा पोरांत नऊ जण खेळायला बसतात आणि एक जण सर्व्हर चालवायला. हा दहावा म्हणजे अॅडमिनराव. त्याचं खरं नाव कॉलेजच्या हजेरीपटात असतं, म्हणजे फारसं कुणी घेत नाही.

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर शनिवारी रात्री मेसच्या वरणाला शिव्या घालून झाल्या की लॅपटॉप उघडतात. मॅप डस्ट टू. दुसरे मॅप असतात यावर पोरांचा विश्वास नाही. भांडून-तंडून पाच-पाच जण वाटून घेतात. आता फक्त सुरू करायचं असतं, आणि तेवढंच होत नाही.

कारण आधी वॉर्मअप. मॅचपूर्वी हात मोकळे करायची ही वेळ. मेलात तर लगेच परत उभे राहता, कुणी किती मारले याचा हिशोब नाही, आणि खिशात १६,००० डॉलर. खऱ्या मॅचच्या पहिल्या राउंडला मिळतात ८००. त्यात ६५० चं चिलखत घेतलं की संपलं. २,७०० ची एके-४७ लांबूनच बघायची. त्यामुळे वॉर्मअपमध्ये जो तो ४,७५० ची एडब्ल्यूपी घेऊन नवश्रीमंतासारखा हिंडत असतो.

हा वेळ किती, ते 'एमपी वॉर्मअपटाइम' ही एक ओळ ठरवते. आकडा सेकंदांत. दुसरा कुणी ६० लिहून खेळायला बसला असता. अॅडमिनराव ६० लिहितो, मग "अरे, पश्या आंघोळीला गेलाय," म्हणून ३०० करतो. (रात्री साडेअकराला आंघोळ का, हे पश्याला विचारायचं नसतं.) मग सर्व्हर रिस्टार्ट. सगळे बाहेर, सगळे परत आत. वर बघावं तर घड्याळात जुनाच आकडा.

इथे रावांचं प्रवचन सुरू होतं. सीएस-गो या काउंटर-स्ट्राइकच्या आवृत्तीच्या सर्व्हरवर 'सर्व्हर डॉट सीएफजी'त तुम्ही काहीही लिहा, तिच्यामागून 'गेममोड कॉम्पिटिटिव्ह' ही फाइल वाचली जाते, आणि तिच्यात तीच ओळ असेल तर तिचंच खरं. कारकुनाच्या टिपणीवर साहेबाचा शेरा पडावा तसं. आपलं म्हणणं टिकवायचं तर ते 'गेममोड कॉम्पिटिटिव्ह सर्व्हर' या तिसऱ्या फाइलीत लिहायचं, कारण ती या दोघींच्या नंतर वाचली जाते. हे अॅडमिनराव दर शनिवारी समजावून सांगतो आणि दर शनिवारी पहिल्याच फाइलीत लिहितो.

शेवटी ब्रह्मास्त्र निघतं. 'वॉर्मअप पॉजटायमर', पुढे १. आता घड्याळच थांबलं. पश्या येवो, न येवो, वॉर्मअप आपणहून संपत नाही. तो संपवायची आज्ञा 'वॉर्मअप एंड', आणि ती द्यायला लागतो आरकॉनचा, म्हणजे सर्व्हर लांबून चालवायचा, पासवर्ड, जो फक्त रावांकडे. कुणी मागितलाच तर, "अरे, तो आईलासुद्धा सांगायचा नसतो." जणू माउलींना रात्री बारा वाजता मॅच रिस्टार्ट करायची आहे.

सीनियर मंडळी या सगळ्याला हसतात. २००३ च्या काउंटर-स्ट्राइक १.६ मध्ये हे वॉर्मअपचं घड्याळ मुळात नव्हतंच. सायबर कॅफेत पोरं आली की वाटेल तशा गोळ्या झाडायची, दहावा आला की कुणीतरी तीनदा रिस्टार्ट मारायचा आणि तिसऱ्यानंतर मॅच खरी धरायची. 'लाइव्ह ऑन थ्री' म्हणत त्याला. अॅडमिनराव तोही विधी सोडत नाही. तीन रिस्टार्ट मारतो आणि चॅटमध्ये 'लाइव्ह, लाइव्ह, लाइव्ह' असं बजावतो.

पहिल्या राउंडला पहिला बळी त्याचाच जातो. गोळी लागते तेव्हा त्याच्यासमोर कन्सोल उघडा असतो आणि तो काहीतरी टाइप करत असतो. मेल्याचं त्याला दुःख नसतं. उलट आता निवांत बघता येतं. "राउंडआधीचा १५ सेकंदांचा फ्रीझटाइम जरा जास्त होतोय का रे?" यावर नऊ जण एका सुरात जे बोलतात ते छापता येत नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात काउंटर-स्ट्राइक टू आलं. हॉस्टेल नव्या धुराचे लोट आणि पाण्याची चमक बघत बसलं. अॅडमिनराव जुन्या कोणत्या ओळी अजून चालतात ते एकेक करून तपासत बसला.

तुमच्या टोळीत असा कुणी असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. मॅच साडेदहाला खेळायची असेल तर त्याला दहाची वेळ सांगा. आणि पश्याला साडेनऊची.