मडक्कु, नीट्टु, जिंजी

मी पडलो तेव्हा गाडीचा वेग ताशी शून्य किलोमीटर होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण विचारणाऱ्याच्या डोळ्यांत एक आशा असते: दरी, वळण, निदान एखादा ट्रक. तसलं काही नव्हतं. कोवळमच्या अलीकडे ईस्ट कोस्ट रोड सोडून समुद्राच्या बाजूला उतरलं की सुरूच्या बनात मऊ वाळू लागते. तिथे मी फोटोसाठी थांबलो. गाडी डावीकडे कलली. 196 किलोचं धूड अंगावर येतंय म्हटल्यावर शहाणा माणूस बाजूला होतो. मी पाय टाकला. पाय वाळूत रुतून तिथेच राहिला, मी वळलो, आणि या दोघांच्या भांडणात सापडलेला गुडघा 'टक्' असा बोलला. सांबारासाठी शेवग्याची शेंग मोडताना येतो, अगदी तो आवाज.

गाडीवर ओरखडा नाही. फोटो छान आलाय. त्यात मी अजून हसतोय.

गाडीचं नाव हिमालयन, आणि ती बनते चेन्नईच्या परिसरात. हे शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम सहा-सात मीटर उंच. इथे चढ म्हणजे फ्लायओव्हर. साताऱ्यात गलबतं बांधण्यासारखाच हा प्रकार, पण 1955 पासून हिचे कंपनीवाले मद्रासेत बुलेट बनवताहेत, त्यांना आपण काय शिकवणार? माझी उंची पाच फूट पाच इंच आणि सीट जमिनीपासून 825 मिलिमीटर, हा हिशोब मात्र मी शोरूममध्ये करायला हवा होता. मी रंग बघत बसलो.

गुडघ्याच्या आत फुलीसारख्या दोन दोऱ्या असतात. माझी पुढची तुटली होती. डॉक्टरांनी माझ्याच मांडीमागची एक कंडरा काढून, दुमडून, दुर्बिणीच्या मदतीने गुडघ्यात ओवली. पायजम्याची नाडी ओवतात तशीच. फक्त सेफ्टी पिनच्या जागी ड्रिल. गंमत पुढे आहे. नवी दोरी ओवली की लगेच दोरी होत नाही. तिला आत रक्ताची सोय व्हावी लागते, रुजावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सूज उतरते, माणूस आरशात बघून 'मला काय धाड भरलीय' म्हणतो, नेमकी तेव्हाच ती सगळ्यात कच्ची असते. निसर्गाने इतका खवचटपणा आणखी कुठे केला असेल तर तो फणसात.

माझा फिजिओ पंचविशीतला, मृदू आवाजाचा आणि निर्दय. त्याचं इंग्रजी माझ्या तमिळइतकंच, त्यामुळे आमचा सगळा व्यवहार दोन शब्दांवर चाले. 'मडक्कु' म्हणजे दुमडा. 'नीट्टु' म्हणजे ताणून सरळ करा. पहिल्या दिवशी तो "नीट्टु, सर, नीट्टु" म्हणाला आणि मी कळवळून "नीटच आहे रे!" म्हणालो. त्याने मान डोलावली आणि गुडघा दाबला. प्रत्येक व्यायाम दहा वेळा. तो मोजायचा: ओन्नु, रेंडु, मूणु... आठवर आला की खिडकीबाहेर बघायचा आणि पुन्हा सहापासून धरायचा. सात वर्षं चेन्नईत राहून जे जमलं नव्हतं ते असं झालं. मला आता तमिळमध्ये दहापर्यंत मोजता येतं. त्यापुढे दुखतं.

नवव्या महिन्यात परीक्षा. एका पायावर उडी मारायची, टेपने मोजायची. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के हवी. थोडक्यात लंगडी. शाळेत मी लंगडीत कायम पहिला बाद व्हायचो, हे त्याला सांगितलं नाही. चांगल्या पायानेच बेताची उडी मारली, त्यामुळे टक्केवारी बरी आली. फिजिओच्या चेहऱ्यावर तेच मंद हसू. त्याने टेप गुंडाळली आणि चांगल्या पायाची उडी पुन्हा मारायला लावली. मी महिन्याभराने परत आलो आणि खरा पास झालो.

या काळात मी अंथरुणात पडून मोठ्या माणसांची दुखणी वाचली. बंगळूरचा सी. एस. संतोष 2015 मध्ये डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. 2021 मध्ये त्याच रॅलीत असा आपटला की डॉक्टरांना त्याला औषधांनी बेशुद्ध ठेवावं लागलं. शोरणूरचा हरिथ नोआ 2023 च्या डाकारमध्ये पडून बाहेर गेला आणि 2024 मध्ये रॅली-टू गटात पहिला आला. मी हे बायकोला मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ते चालत्या गाडीवरून पडले."

पहिली सफर जिंजीची ठरवली, त्यात थोडं राजकारण होतं. साताऱ्याच्या आईला 'गाडीवर फिरायला जातो' म्हटलं असतं तर फोनवरच रडारड. 'किल्ल्यावर जातो' म्हटल्यावर सातारकर बाई नाही कशी म्हणणार? शिवाजीमहाराजांनी 1677 मध्ये जिंजी घेतली, रायगडाला वेढा पडल्यावर राजाराममहाराज वेषांतर करून पन्हाळ्याहून इतक्या लांब आले, आणि मुघलांचा झुल्फिकारखान बाहेर तंबू ठोकून बसला तो जवळजवळ आठ वर्षं. किल्ला 1698 मध्ये पडला, तोवर महाराज निसटलेले. फिजिओने 'दहा महिने फार झाले' अशी माझी कुरकुर ऐकून घेतली तेव्हा हा इतिहास माझ्याच अंगाशी आला, कारण तो मीच त्याला आधी सांगून बसलो होतो. "आठ वर्षं, सर," एवढंच तो म्हणाला.

पोंगल उलटल्यावर एका रविवारी पहाटे निघालो. निघालो म्हणजे आधी बसलो. मोटरसायकल हे डाव्या गुडघ्याविरुद्ध रचलेलं कारस्थान आहे हे धडधाकट माणसाच्या लक्षात येत नाही. स्टँड डावीकडे, गिअर डावीकडे, आणि टांग टाकताना सगळा भार डाव्या पायावर. वर बसलो तेव्हा गुडघ्यावर बिजागरीचा ब्रेस, त्यावर गार्ड. सोसायटीचा वॉचमन उठून उभा राहिला. इतकी वर्षं त्याने मला कधी सलाम केला नव्हता.

तांबरम, चेंगलपट्टू. इथे पाळार नदीचा पूल लागतो. खाली पाण्यापेक्षा वाळू जास्त. पुलावरून जातानाच गुडघा आखडला. वाळू पंचवीस-तीस फूट खाली आणि मी डांबरावर, पण त्याला कोण समजावणार? पुढे मदुरांतकमला मोठा तलाव आहे, आणि त्याच्या काठच्या रामाला 'एरी कात्त रामर' म्हणतात, तलाव राखणारा राम. इंग्रज कलेक्टर प्लेस याने भर पावसाच्या रात्री फुटू घातलेल्या बांधावर दोन धनुर्धर पहारा देताना पाहिले आणि बांध टिकला, अशी कथा. मी बाहेरूनच हात जोडले. बांधाच्या बाबतीत या देवाशी ओळख असलेली बरी, एवढाच व्यवहारी विचार.

तिंडिवनमला उजवीकडे वळलं की जिंजी उरते तासाभराच्या आत. क्षितिजावर दगडांच्या राशी दिसू लागतात, कुणीतरी खडीचे ट्रक ओतून विसरून गेल्यासारख्या. आणि मग डाव्या हाताला एका तळ्याचा बांध आला. तांबडी माती, दीडेक किलोमीटर सरळ, एका बाजूला पाणी, दुसरीकडे भात. मी दहा महिने याच रस्त्याची स्वप्नं बघत होतो.

उभा राहिलो. कच्च्या रस्त्यावर सीटवर बसून चालत नाही. फुटपेगवर उभं राहायचं, गुडघे किंचित दुमडून टाकीला लावायचे, नजर लांब ठेवायची. खड्डा आला की गाडी खालून हलते आणि तुम्ही वर होडीतल्या माणसासारखे. मडक्कु, नीट्टु, मडक्कु, नीट्टु. तो पोरगा मला काय शिकवत होता ते तेव्हा कळलं. अर्धा किलोमीटर मी अक्षरशः गात गेलो. कोणतं गाणं ते सांगत नाही. मराठी होतं आणि ते बकऱ्यांना आवडलं नाही.

बकऱ्या बांधावर चढल्या तशी मी ब्रेक मारला. थांबलो. वेग ताशी शून्य किलोमीटर. खाली भुसभुशीत माती. गाडी डावीकडे कलायला लागली.

माझा डावा पाय निघालाच होता. आतून कुणीतरी, बहुधा ती उसनी दोरीच, ओरडली. मी हँडल सोडलं आणि उजवीकडे उतरलो. अगदी बसमधून उतरतात तसा. हिमालयन स्वतःच्या मर्जीने, सावकाश, मातीत आडवी झाली. आरसा मोडला. मी उभा होतो, दोन्ही पायांवर. इतका आनंद मला ती विकत घेतानाही झाला नव्हता.

बकऱ्यांची मालकीण, सत्तरीची आजी, काठी टेकत आली. आडव्या गाडीकडे तिने पाहिलंही नाही. माझ्या ब्रेसकडे बोट करून म्हणाली, "काल परवायिल्लैया?"

मराठी कानाला ऐकू आलं ते काल आणि परवा. "काल-परवा नाही हो आजी," मी म्हणालो, "दहा महिने झाले." ती तोंडाला पदर लावून हसत राहिली. मग डोक्यात उजेड पडला: काल म्हणजे पाय. पाय ठीक आहे ना, एवढंच ती विचारत होती. शेतातून दोन तरुण 'तंबी' आले, त्यांनी गाडी उचलली. मला हात लावू दिला नाही.

जिंजीला राजगिरीच्या पायथ्याशी गाडी लावली. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातला महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. वर सुमारे आठशे फूट चढायचे, आणि तिथे हिमालयनचा काही उपयोग नाही. चढताना गुडघा गप्प होता. उतरताना त्याने मनसोक्त बडबड केली. उतार त्याला जास्त लागतो, कारण प्रत्येक पायरीला सगळं शरीर त्याच्यावर येऊन आदळतं. कठडा धरून, आडवा, खेकड्यासारखा उतरलो. शाळेची पोरं मला दोनदा ओलांडून गेली. एकदा वर जाताना, एकदा खाली येताना.

खाली पोचल्यावर फिजिओचा मेसेज होता: किती पायऱ्या?

त्याला काय सांगणार? मी तमिळमध्ये मोजत होतो. दर दहा पायऱ्यांनंतर पुन्हा ओन्नु.