रेस द्या बरं!

नेर परसोपंतात तुमची गाडी उभ्या जागी थरथरू लागली, तर मेकॅनिक सापडायला वेळ लागेल. हा गृहस्थ मात्र तुम्ही बॉनेट उघडायच्या आत हजर असतो. अमरावती–यवतमाळ रस्ता गावातूनच जातो, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक कमी नाही. गॅरेज त्याचं नाही, गाडी नाही, खिशात साधा दहा-बाराचा पाना नाही. आहे तो खांद्यावर दुपट्टा आणि दोन कान. त्या कानांवर त्याचा जेवढा भरवसा आहे, तेवढा मोठ्या डॉक्टरांचा स्टेथोस्कोपवर नसेल.

आधी तो नंबरप्लेट वाचतो. एमएच 29 असेल तर गाडी आपल्या जिल्ह्याची, म्हणजे दोष पेट्रोलचा. एमएच 27 असेल तर दोष अमरावतीच्या मेकॅनिकचा. आणि एमएच 31, म्हणजे नागपूरची, असेल तर दोष सरळ मालकाचा. एवढं ठरल्यावर तो डोळे मिटतो, मान तिरकी करतो आणि म्हणतो, "भाऊ, रेस द्या बरं."

मालक रेस देतो. थरथर थांबते, इंजिन गोड आवाजात गाऊ लागतं. "पाहा! काहीच नाही न बावा गाडीले!" मालक पाय काढतो. काटा आठशेवरून पाचशेवर येतो, पुन्हा वर उडतो, आरसा थरथरतो, डॅशबोर्डवरचा गणपती मान हलवू लागतो. "थांबा, थांबा. अजून रेस द्या."

गंमत अशी, की हा रोग रेस दिल्यावर लपणाराच असतो. गाडी नुसती उभी असते तेव्हा थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डमधली ओढ सगळ्यात जास्त असते. एखादा पाइप चिरला असेल तर त्या ओढीनं आगाऊ हवा आत शिरते आणि पेट्रोल-हवेचं गणित फिसकटतं. रेस दिली की थ्रॉटल उघडतो, ओढ कमी होते आणि एवढ्या मोठ्या हवेत ती चोरटी हवा कुठल्या कुठे विरून जाते. पण हे त्याला सांगणार कोण? उभ्या गाडीचा आजार तो आयुष्यभर गाडी पळवून शोधत आला आहे.

एव्हाना माणसं जमलेली असतात. गर्दी वाढली की निदानंही वाढतात. "प्लग गेला." थोड्या वेळानं, "फाउंडेशन बसलं." मग, "टाकीत कचरा आला." आधीचं निदान तो कधीच मागं घेत नाही, त्याच्यावर दुसरं रचतो. सगळ्यात वर हल्ली इथेनॉल असतं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल यायला लागल्यापासून त्याची मोठीच सोय झाली आहे. "आता गाड्याईले दारू पाजून राह्यले, मंग त्या झुलनार नाही तं काय!"

त्याचा सुवर्णकाळ होता मारुती 800 चा. 1983 साली आलेली, 796 सीसीची, तीन सिलिंडरची ती गाडी त्याला मुखपाठ होती. कार्बोरेटरला एक स्क्रू असे. तो इकडे अर्धा आटा, तिकडे पाव आटा फिरवला की इंजिन सुतासारखं सरळ. पुढं 2000 च्या सुमारास कार्बोरेटर गेला, एमपीएफआय आलं, आणि स्क्रूची जागा कॉम्प्युटरनं घेतली. तो अजूनही बॉनेटमध्ये वाकून स्क्रू शोधतो. सापडला नाही की म्हणतो, "कंपनीनं लपवून ठेवला."

अखेर पलीकडच्या गॅरेजातला पोरगा हात पुसत येतो. तो "रेस द्या" म्हणत नाही. गाडी तशीच थरथरत ठेवतो. एकेका कॉइलची पिन काढतो, आवाज ऐकतो, परत लावतो. तिन्ही वेळा इंजिन सारखंच खाली बसतं; म्हणजे तिन्ही सिलिंडर कामात आहेत, एकट्या प्लगचा हा गुन्हा नव्हे. मग तो कार्ब क्लीनरची नळी पाइपांच्या सांध्यांवर जरा जरा फवारत नेतो. एका ठिकाणी इंजिनचा आवाज एकदम बदलतो. व्हॉल्व्ह कव्हरकडून मॅनिफोल्डकडे जाणारा रबरी पाइप क्लिपेजवळ, खालच्या अंगानं, नखाएवढा चिरलेला असतो. पोरगा चिरलेलं टोक ब्लेडनं कापतो, पाइप पुढं ओढून क्लिप बसवतो. काटा आठशेवर येऊन ठाण मांडतो. गणपती स्थिर. "हे यवतमाळपर्यंतच हाय भाऊ," पोरगा सांगतो, "तिथं नवा पाइप टाकून घ्या."

"म्या मंग काय म्हनत होतो? एअर घेऊन राह्यली!" दुपट्टा झटकत आपला तज्ज्ञ पुढं होतो. मालक पैसे विचारतो. पोरगा दोनशे सांगतो. लगेच तज्ज्ञ मालकाचा वकील होतो. "दोनशे? काऊन बे? बोटभर रबर तं कापलं! नवं सामान काय टाकलं?" घासाघीस होऊन शंभरावर तुटतं. पोरगा नोट खिशात घालून निघून जातो. त्याला चहा विचारायचं कुणाच्या लक्षात येत नाही. वाचलेल्या शंभरानं भारावलेला मालक तज्ज्ञाला मात्र हाताला धरून टपरीवर नेतो. चार रोगांची नावं घेऊन एकही न सापडलेल्याला चहा, आणि नेमका रोग काढणाऱ्याशी घासाघीस, हा आपल्याकडचा जुनाच दर आहे.

टपरीवर शेगडीची ज्योत जराशी फडफडत असते. तज्ज्ञ डोळे मिटतो, मान तिरकी करतो. "याच्या बर्नरमंदी..."

चहावाला गावचा, मुरलेला. पुढचा शब्द बाहेर पडायच्या आत तो भरलेला कप त्याच्या हातात देतो.